मेल गेला

माझा मोठा भाऊ, आमचा दादा, बुऱ्हाणपूरच्या केळी मंडीत लिलावाची बोली पुकारायचा. सकाळी मालाच्या गाड्या लागल्या की एकेका गाडीपुढे उभा राहून तो भाव वर चढवत न्यायचा, आणि त्याचा आवाज फाटकाबाहेरच्या चहावाल्यालाही ऐकू जायचा. हळू बोलायची सवय त्याला घरातही नव्हती. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा सुरुवातीचे काही महिने त्यांना वाटायचं, हा माणूस कायम आपल्यावर चिडलेला असतो. तो चिडलेला नसायचा, मीठ मागत असायचा.

त्या माणसाचा घसा बसला. आधी कुणी मनावर घेतलं नाही. बोली पुकारणाऱ्याचा घसा बसायचाच, तो त्याचा धंद्यातला हक्क. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, ओळखीच्यांचे काढे झाले. मग श्वास घेताना घशातून आवाज येऊ लागला, तेव्हा त्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नाकातून दुर्बीण घालून तपासलं, तुकडा काढून पाठवला, आणि निकाल आल्यावर शांतपणे सांगितलं की गाठ स्वरयंत्रावर आहे, स्वरयंत्र काढावं लागेल.

"अन् आवाज?" दादाने विचारलं.

"आवाज जाईल. जीव राहील."

"मंग राहू द्या, डॉक्टर साहेब. बोलीच नाही तं मी मंडीत काय केळी खाऊ?"

आम्हाला वाटलं, दोन दिवसांनी निवळेल. पण दादा निवळणाऱ्यांतला नव्हता. ऑपरेशन नाही म्हणजे नाही. वहिनींनी पाय धरले, त्याच्या मुलीने बोलणं टाकलं, मी भांडलो. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी त्या डॉक्टरांनाच त्याची दया आली असावी. ते मला बाजूला घेऊन म्हणाले की मुंबईत एक सर्जन आहेत, जमत असेल तिथे ते अर्धंच स्वरयंत्र काढतात आणि थोडा आवाज राखतात. पण त्यासाठी त्यांना आधी दिसलं पाहिजे की गाठ असलेल्या बाजूचा स्वरतंतू अजून हलतो की थिजला आहे. दुर्बिणीच्या तपासणीचा व्हिडिओ होता. तो त्यांना पाठवायचा.

एवढंच काम. पाठवायचं. आणि ते माझं काम होतं, कारण मी पोटापाण्यासाठी तेच करतो. आमच्या गावातल्या एका शिक्षण संस्थेचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. संस्थेच्या सचिवांना स्वतःच्या नावाचे मेल हवे असायचे, म्हणून कार्यालयात आमचा स्वतःचा मेल सर्व्हर आहे. सर्व्हर म्हणजे फार काही नाही, कपाटाशेजारी ठेवलेलं एक जुनं मशीन. त्यावर दहा एमबीपेक्षा मोठा मेल जात नाही. एका शिक्षकांनी मुलीच्या लग्नाचे सगळे फोटो साऱ्या स्टाफला पाठवले होते आणि दोन दिवस कुणाचाच मेल हलला नव्हता, तेव्हा सचिवांनी ती मर्यादा घालायला लावली. मला ती मर्यादा आवडायची. माणसाने बेताने पाठवावं, असं माझं मत होतं.

दादाच्या घशाचा व्हिडिओ चौतीस एमबीचा होता.

फुकटच्या मेलवरून पाठवला, तर तिथे एवढी मोठी फाइल जोडता येत नाही, तिची लिंक होते. मुंबईच्या दवाखान्यातून फोन आला की आमच्या कॉम्प्युटरवर बाहेरची लिंक उघडत नाही, सुरक्षेसाठी बंद आहे. मोबाइलवरच्या मेसेजमध्ये रुग्णाचं काही ते घेत नव्हते. फाइलचे तुकडे करून पाठवले, तर तिथल्या बाई म्हणाल्या, "हे काय पाठवलंय? एकही उघडत नाही." तुकडे जोडायचं सॉफ्टवेअर त्यांच्याकडे नव्हतं आणि टाकायची परवानगीही नव्हती. व्हिडिओ दाबून लहान केला, तो गेला, पण त्यांनी परत कळवलं की चित्र पुसट आहे, तंतू हलतोय की चित्रच हलतंय ते समजत नाही. मूळ फाइल हवी. आमच्याकडे पन्नास एमबीपर्यंतचा मेल येतो, तेवढ्यात बसवा, असं ते म्हणाले. डॉक्टरांची बैठक उद्या सकाळी आहे, त्यात नाही घेतलं तर पुढची सुट्ट्यांनंतर.

सुट्ट्या संपेपर्यंत थांबण्यासारखी दादाची स्थिती नव्हती. गाठीभोवती घशाला सूज आली होती, श्वास अडत होता, म्हणून डॉक्टरांनी त्याला इथेच दवाखान्यात ठेवून घेतलं होतं. मुलगी त्याच्याजवळ बसली होती. वहिनींना तिथे बसवेना. त्या म्हणाल्या, मी इच्छापुरला जाते, देवीला सांगून येते. आणि त्याच दिवशी सकाळच्या बसने त्या इच्छादेवीला गेल्या होत्या.

मी सचिवांकडे गेलो. ते म्हातारे, कडक, आणि नियमाला नियम म्हणणारे. मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"मर्यादा वाढवली तर सगळे लग्नाचे पिक्चर पाठवतील."

"एकाच दिवसापुरती, साहेब."

"तुझा भाऊ म्हणजे मंडीत पुकारतो तोच ना? आमच्या वडिलांची केळी त्याच्या हातून गेली आहेत." मग चष्मा घालत म्हणाले, "वाढव. झालं की खाली आण."

मी चाळीसवर नेली. फाइल चौतीसची, चाळीस पुष्कळ झाले. मेल परत आला. परत आलेल्या मेलची भाषा फार सभ्य असते. आपला निरोप आकाराने मोठा असल्याने पोचवता आला नाही, क्षमस्व. मी त्या यंत्राला एक शिवी दिली आणि मग माझं मलाच आठवलं. मेलची वाट मुळात अक्षरांची. तिच्यावरून व्हिडिओ न्यायचा तर त्याची आधी अक्षरं करावी लागतात, आणि त्यात तो तिसऱ्या हिश्श्याने फुगतो. आपण केळी मोजतो, काटा दांड्यासकट मोजतो. चौतीसचे सेहेचाळीस झाले होते. पन्नासमध्ये जेमतेम बसणार होते.

त्या सॉफ्टवेअरमध्ये पन्नास एमबी असं लिहून चालत नाही, सगळा आकडा बाइटमध्ये मांडावा लागतो. मी बोट ठेवून मोठ्याने वाचला, पाच कोटी चोवीस लाख अठ्ठावीस हजार आठशे. शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने मान वर केली. "कोणाले मिळाले?" म्हणून त्याने विचारलं. मी उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी गावभर झालं की संस्थेला पाच कोटींचं अनुदान आलं.

तरी मेल जाईना. सर्व्हरची मर्यादा वाढली, पण ज्या पानावरून आम्ही मेल लिहितो त्या पानाची मर्यादा वेगळी होती. ती वाढवली, तर पाठवलेल्या मेलची प्रत ठेवायला माझ्या पेटीत जागा नव्हती. आमच्या गावाला जुन्या कोटाचे दरवाजे आहेत. उंच माल भरलेली गाडी एका दरवाज्यातून कशीबशी निघाली म्हणजे सुटली असं नसतं, पुढच्याला तिचं घोडं पुन्हा अडतं. मी एकेक दरवाजा शोधून वाढवत गेलो. वर्षानुवर्षं लोकांना "फाइल लहान करा" म्हणून सांगणारा मी, त्या दिवशी माझ्याच मशीनच्या हातापाया पडत होतो.

शेवटी मेल रांगेत लागला आणि चढू लागला. तेवढ्यात सगळीकडे शांत झालं. आमचं कार्यालय पॉवरलूमच्या गल्लीत आहे. तिथे लाईट गेल्याचं दिव्याकडे बघून कळत नाही, माग एकदम थांबतात त्यावरून कळतं. माझं मशीन बॅटरीवर चालू राहिलं, पण इंटरनेटचा डबा गल्लीच्या टोकाला, तो बंद पडला. मी त्या शांततेत बसून राहिलो. एरवी त्या खटखटीचा मला वैताग येतो. त्या दिवशी मी देवाकडे खटखट मागितली.

माग सुरू झाले. मेलही पुन्हा चढू लागला. मी हलणारे आकडे बघत होतो, पाणी प्यायला उठत नव्हतो. आणि मग पडद्यावर ती ओळ आली. पलीकडच्या सर्व्हरने मेल घेतला होता. रांग रिकामी झाली होती. मी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. मी असा रडका माणूस नाही, पण किती वेळ श्वास धरून बसलो होतो, तो सुटला.

नेमका तेव्हा फोन वाजला. वहिनी इच्छापुरहून बोलत होत्या. लाइनीत खरखर होती.

"भाऊजी, काय झालं तिकडे?"

"गेला, वहिनी," मी म्हणालो. आवाज नीट फुटत नव्हता. "आत्ताच गेला. सुटलो एकदाचे."

मग फोन कटला. मी थोड्या वेळाने परत लावला तर बंद लागला. वाटलं, देवीच्या टेकडीवर रेंज नसेल. मी मुंबईला फोन करून मेल पोचल्याची खात्री केली, सचिवांना सांगितलं, चहा प्यालो. मनावरचं ओझं उतरलेला माणूस जेवढा बिनडोक असतो तेवढा मी होतो.

लोक 'ध चा मा' करतात म्हणतात. इथे तर अक्षरही बदलावं लागलं नाही. आम्ही ऑफिसात दिवसभर तेच बोलतो, मेल गेला का, गेला. आणि माणूस जातो तेव्हाही आपल्या भाषेत तो जातोच. वहिनींना मेल कुठला माहीत असायला? त्यांना एवढंच माहीत होतं की मुंबईला काहीतरी पाठवायचं चाललंय, आणि मी दादाजवळ आहे असं त्या धरून चालल्या होत्या. त्यांनी देडतलाईला माहेरी भावाला फोन करून तीन शब्द सांगितले, आणि त्यांच्या फोनची बॅटरी संपली.

मी संध्याकाळी दवाखान्यात पोचलो. दादा पलंगावर टेकून बसला होता, मुलगी त्याला चमच्याने पेज भरवत होती. मी दादाला सांगत होतो की मेल कसा अडला, कसा गेला, आणि तो माझ्या शहाणपणावर भुवया उडवत होता. तेवढ्यात वहिनी दारात आल्या. हातात प्रसादाची पिशवी होती. त्यांनी दादाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत दादाकडे पाहिलं. मग त्या भिंतीला धरून खाली फरशीवरच बसल्या.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "मंग कोण गेलं?"

मला लख्खकन कळलं. "मेल, वहिनी. मेल गेला."

मुलीने पाणी दिलं ते त्यांच्या हातातच राहिलं. नंतर त्या रडायला लागल्या, आणि ते रडणं थांबेचना. बसमध्ये त्या रडल्या नव्हत्या. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनीच सांगितलं, "बसमध्ये खिडकीची जागा भेटली. मी बसली. बसल्यावर माझी मलेच लाज वाटली, का अशा वेळेले मी खिडकी पाहून बसली." मग दादाकडे बघत म्हणाल्या, "पूर्ण रस्त्यात एकच डोक्यात चालू होतं. आता घरात मीठ मागून कोणी ओरडणार नाही."

दादाने मुलीला खूण करून पेज बाजूला ठेवायला लावली.

त्यानंतर देडतलाईची जीप आली. जिन्यावर एकदम खूप पावलं वाजली आणि खोलीत टोप्या, उपरणी, तोंडाला पदर लावलेल्या बायका भरल्या. सगळ्यांत पुढे वहिनींचा भाऊ. पलंगावर बसलेला दादा बघून त्याचे पाय जागच्या जागी थांबले. मागची मंडळी त्याच्यावर आदळली.

"दाजी, तुम्ही?"

"मंग कोण पाह्यजे होतं?" दादा घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"तुम्ही गेले अशी खबर आली."

"मी कुठी जाऊ राह्यलो? बोली चालू आहे अजून."

एका म्हाताऱ्या मावशींना हसू फुटलं, आणि त्यांच्यामागे सगळ्यांनाच. नर्स येऊन दटावून गेली. हसता हसता अर्धी मंडळी डोळे पुसत होती. माझ्यावर जी काही तोंडं सुटली ती इथे लिहिण्यासारखी नाहीत. मग सगळ्यांनी चहा घेतला, आलोच आहोत तर म्हणून दादाची विचारपूस केली, आणि जीप परत गेली.

दादा मात्र हसला नव्हता. खोली रिकामी झाली तेव्हा वहिनी त्याच्या पायाशी बसून नारळाचे तुकडे करत होत्या. तो बराच वेळ त्यांच्या हातांकडे बघत होता. स्वतःच्या मरणाला जमलेली माणसं किती जणांना बघायला मिळतात? दादाने ती बघितली होती, आणि मला वाटतं, त्यांच्यापेक्षा जास्त त्याने फरशीवर बसलेली बायको बघितली होती.

"डॉक्टरले सांग," तो मला म्हणाला. "मुंबईवाले काही म्हणो. पूर्ण काढायचं तं पूर्ण काढा."

"अन् आवाज?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

उत्तर वहिनींनी दिलं. नारळावरून मान वर न करता त्या म्हणाल्या, "मीठ हाताने मागतील."

दुसऱ्या दिवशी दुपारी मुंबईचं उत्तर आलं. चौतीस एमबीच्या व्हिडिओला दोन ओळींचं उत्तर. तंतू हलतो आहे. अर्धं राखण्याचा प्रयत्न करता येईल, आवाज खरखरीत आणि बारीक राहील, लवकर घेऊन या. मी ते दादाला मोठ्याने वाचून दाखवलं, दोनदा. तो म्हणाला, "बारीक म्हणजे किती?" ते कुणालाच माहीत नव्हतं. मी ऑफिसात जाऊन सगळ्या मर्यादा होत्या तिथे आणल्या, आणि त्याच आठवड्यात आम्ही मुंबईला गेलो.

ऑपरेशन चांगलं झालं. गाठ गेली. तो पुन्हा गिळायला शिकला, मग बोलायला. पहिल्यांदा त्याने वहिनींचं नाव घेतलं तेव्हा आम्ही सगळे तिथे होतो. वाळलेल्या केळीच्या पानावरून हात फिरवावा तसा तो आवाज होता. पण शब्द स्पष्ट होते. आम्हाला तेवढं पुष्कळ होतं. त्याला होतं का, ते आम्ही विचारलं नाही.

घरी आल्यावर तो रोज सकाळी अंगणात उभा राहून भाव पुकारून बघायचा. हळूहळू थोडं वाढलं. मग एक दिवस म्हणाला, मले मंडीत घेऊन चल. मी स्कूटरवरून नेलं. फाटकातून आत जाताच माणसं गोळा झाली. हमालांनी पाय धरले, व्यापाऱ्यांनी मिठ्या मारल्या. त्याच्या जागी जो पुकारत होता तो आपणहून बाजूला झाला आणि म्हणाला, "ही गाडी तुमची, दादा."

दादा गाडीपुढे उभा राहिला. शर्ट ओढून नीट केला. आणि त्याने बोली सुरू केली. पुढच्या रांगेतली माणसं पुढे झुकली, कान त्याच्याकडे करून आकडे धरू लागली. पलीकडे ट्रकचे हॉर्न, हमालांची हाकाटी, दुसऱ्या गाड्यांचे सौदे, सगळं चालू होतं. दादाच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. तीन-चार बोल्या झाल्या. तोच मागून कोणी बाहेरगावचा व्यापारी, ज्याला काही ठाऊक नव्हतं, टाच उंचावून ओरडला, "अरे भैया, आवाज! पीछे कुछ सुनाई नहीं दे रहा!"

पुढचे दहाजण एकदम त्याच्याकडे वळले. एकाने त्याची गचांडी धरली असती. दादाने हात वर करून त्यांना थांबवलं. त्या व्यापाऱ्याला त्याने मानेने हो म्हटलं. मग बाजूला उभ्या असलेल्या माणसाला खूण करून आपली जागा दिली, आणि गाडीपुढून बाजूला झाला. बोली पुढे चालू झाली.

फाटकाबाहेर मी स्कूटर काढत होतो तेव्हा त्याने माझा खांदा ओढला. मी कान जवळ नेला.

"तो बरोबर बोलला," दादा म्हणाला. "मागच्याले ऐकू नाही आलं तं त्याचा हक्क बुडते. मंग ती बोली नाही."

मला त्याच्यापेक्षा जास्त वाईट वाटत होतं, आणि ते त्याला दिसू नये म्हणून मी किल्ली शोधत राहिलो. किल्ली स्कूटरलाच होती. दादा अजून काहीतरी बोलत होता, ती गाडी कुठल्या मळ्याची, माल कसा भरला होता, पहिली बोली कुणी कमी लावली. स्कूटर चालू केली असती तर त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नसतं. म्हणून मी ती चालू केली नाही. हँडल धरून ढकलत निघालो, आणि तो माझ्या बाजूने चालत, बोलत घरापर्यंत आला.